थांबायचे कुणी?

चोरी करू नये, खोटे बोलू नये, दुबळ्याला छळू नये, हे शिकवायला मास्तराला फारसे कष्ट पडत नाहीत. पहिलीतल्या एका पोराने दुसऱ्याची पेन्सिल घेतली तर काहीतरी वावगे घडले हे दोघांनाही न शिकवता कळते. ज्याची गेली तो रडतो आणि ज्याने घेतली तो मूठ पाठीमागे लपवतो. नीतीचे पहिले धडे असे 'तुझे' आणि 'माझे' यांच्या मधल्या कुंपणावर उभे आहेत. कुंपण ओलांडले की पाप. न ओलांडले तर पुण्य नसेल, पण निदान सभ्यपणा.

परंतु ज्या वस्तूला कुंपणच नाही तिचे काय करायचे? खेड्यातल्या कोणत्याही शाळेच्या आवारात एखादे चिंचेचे झाड असतेच. ते झाड कुणाचे? शाळेचे, म्हणजे सर्वांचे. सर्वांचे, म्हणजे कुणाचेच नाही. झाडाला कोवळे आकडे धरले की मधल्या सुट्टीत दगडांचा वर्षाव सुरू होतो. चिंच गाभुळली की तिची गोडी काही और असते हे प्रत्येक पोराला ठाऊक असते. तरीही शाळेच्या झाडाची गाभुळलेली चिंच क्वचितच कुणाच्या वाट्याला येते. का पाडलीस म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले : "मी नसती पाडली गुरुजी, तर त्यानं पाडली असती." या उत्तरात खोटे काहीच नाही. पोर लबाड नसते. गणितात नापास होणारे पोरसुद्धा हा हिशेब अचूक करते. आणि सगळ्यांचा हिशेब बरोबर असूनही शेवटी सगळे आंबट तोंडाने घरी जातात.

हा चिंचेचा हिशेब केवढा मोठा आहे हे मला कळले ते आमच्या शिरूर अनंतपाळपासून चार-पाचशे किलोमीटर दूर, समुद्राच्या काठी.

आम्ही मराठवाड्याची माणसे. घरणी नदीला आठ दिवस पाणी वाहिले तरी आम्ही पुलावर उभे राहून ते डोळे भरून पाहतो. समुद्र आमच्यासाठी भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. माझा एक जुना विद्यार्थी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकतो. तो दरवर्षी बोलावी, "गुरुजी, एकदा या. हर्णैचे बंदर दाखवतो. पण पहाटे उठावे लागेल." गेल्या डिसेंबरात योग आला. साडेपाचला त्याने फटफटी काढली आणि कानाला मफलर गुंडाळून मी मागे बसलो. दापोली ते हर्णै अंतर १५-१६ किलोमीटरांचे. पण उदगीर-लातूरच्या रस्त्यावर नाकासमोर जाण्याची सवय असलेल्या माणसाला ते पन्नास वाटावे इतकी वळणे. हा श्री. ना. पेंडशांचा मुलूख. त्यांच्या कादंबऱ्या वाचून जी झाडी मी मनात उभी केली होती ती आसूदच्या उतारावर खरोखरच अंगावर आली. अंधारात पोफळी दिसत नव्हत्या, पण त्यांचा गारवा जाणवत होता. मग झाडी विरळ झाली, वाऱ्याला खारट वास आला, आणि एका वळणाशी पोराने गाडीचा वेग कमी करून नुसते बोट दाखवले.

समोर उजळणाऱ्या पाण्यात सुवर्णदुर्ग उभा होता. तुळाजी आंग्र्यांकडून तो घेण्यासाठी १७५५ साली पेशवे आणि इंग्रज एक झाले होते. अलीकडे किनाऱ्यावर कनकदुर्ग आणि त्याचे दीपगृह. पण माणसांची दृष्टी किल्ल्यांकडे नव्हती. किनारा उथळ, म्हणून मोठ्या नौका दूर नांगर टाकून उभ्या होत्या. त्यांच्यावरची मासळी लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येत होती. समुद्रात बैलगाडी! आमच्याकडे उन्हाळ्यात बैल पाण्याच्या शोधात मैल मैल चालतात. येथे ते पोटापर्यंत पाण्यात उभे होते आणि त्यातला एक घोट पिण्याजोगा नव्हता. बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, कोळणी टोपल्या ओढत होत्या, आणि वाळूवर ओतलेल्या ढिगाभोवती कोंडाळे करून लिलाव चालला होता. सुरमई, कोळंबी, बांगडा, पापलेट. आमच्या आडतीवर सोयाबीनचा सौदा निघतो तसाच हा सौदा. फरक एवढाच की सोयाबीनला चार दिवस दम धरता येतो. मासळीला सूर्य वर येईपर्यंतच वेळ.

एका बाजूला उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत एक वृद्ध तांडेल जाळे विणत बसला होता. पोराने ओळख करून दिली. म्हातारा हसून म्हणाला, "काय मास्तर, मासळी घ्यायला आलात की बघायला?"

"बघायला," मी म्हणालो.

"बघा. बघण्यासारखी आहे तोवर बघून घ्या."

मग तो हळूहळू बोलता झाला. टोपलीतल्या एका पापलेटकडे त्याने बोट दाखवले. ते माझ्या तळहाताएवढेसुद्धा नव्हते. मी शहाणपणाने विचारले, "काका, एवढे बारीक पिल्लू परत पाण्यात का सोडत नाही?"

त्याची सुई थांबली नाही. तो म्हणाला, "मी सोडलं तर ते मोठं होऊन माझ्याच जाळ्यात येणार आहे का मास्तर? मागून दुसरी नौका येते, तिच्यात जाईल. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, हे काय सोडलेल्या माशावर भागतं?"

वाचकहो, त्या क्षणी मला हर्णैचा किनारा दिसेना. आमच्याच तालुक्यातले एक शिवार दिसू लागले. "म्या बोर नाही घेतला तर पानी काय माझ्यासाठी थांबून राहनार हाय का? शेजाऱ्याच्या बोरात जातंय की!" हे वाक्य मी पारावर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या पालकसभेत शंभरदा ऐकले आहे. मीठ तेवढे वेगळे. पाणी तेच, आणि हिशेबही तोच चिंचेचा.

आमच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात जमिनीखाली तळी नसतात. वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जेवढे मुरते तेवढेच पाणी. आजोबांच्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांच्या होत्या, कारण मोटेला आणि बैलांना तेवढेच झेपत असे. आज यंत्र ७००-८०० फूट खाली जाते. १८८२ सालच्या सुखाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी की जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणीही त्याचे. पण भेगांना सात-बारा ठाऊक नसतो. माझ्या शिवारात उपसलेले पाणी तुमच्या शिवाराखालून आलेले असते. या अचूक हिशेबांची बेरीज आम्ही १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरच्या स्टेशनावर पाहिली. मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी आली. पावसाने दगा दिला होता हे खरे, मांजरा धरण कोरडे पडले होते हेही खरे. पण केवळ आभाळाला दोष देऊन त्या दिवसाचा हिशेब पुरा होत नाही.

मौज अशी की या बाबतीत थोर बुद्धिमंतांचीही गल्लत झाली होती. पोर्तुगीजांनी आपल्या समुद्रावर हक्क सांगून परवान्यावाचून जहाज फिरू देऊ नये असा खाक्या चालवला होता. त्याविरुद्ध १६०९ साली ग्रोशियस या डच कायदेपंडिताने 'मुक्त समुद्र' नावाचा ग्रंथ लिहिला. समुद्र कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, तो एवढा अफाट आहे की सर्वांना पुरतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात हक्सलेसारख्या शास्त्रज्ञाने सांगितले की कॉडसारख्या माशांचे मोठे साठे कधी संपणार नाहीत. मात्र त्याने एक अट घातली होती : मासेमारीच्या आजच्या पद्धती राहिल्या तर. पद्धती बदलल्या. शिडे जाऊन इंजिने आली, आणि १९९२ साली कॅनडाला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची कॉडची मासेमारी बंद करावी लागली. ३० हजारांच्या आसपास माणसांचा रोजगार एका फटक्यात गेला. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही थोड्याच मासळीची परवानगी मिळाली.

हक्सलेच्या त्या अटीत मला सगळ्या प्रश्नाचे मर्म दिसते. आपले वाडवडील संयमी होते असे आपण अभिमानाने सांगतो. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जात नसे, शेतकरी विहीर उपसून कोरडी करीत नसे. त्यात श्रद्धा होती, शहाणपण होते, हे मी नाकारत नाही. पण त्यात आणखी एक गोष्ट होती : तोकडे हात. पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रापुढे वल्ह्याचे आणि शिडाचे काही चालत नसे. बैल दमले की मोट थांबे, आणि रात्रभर झरे विहीर भरून काढीत. पुष्कळसा संयम आपल्या वतीने बैलच पाळत होते! आता बैल नाहीत. रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू होतो आणि शेतकरी घरी झोपलेला असतो. पर्ससीनचे जाळे माशांच्या अख्ख्या थव्याभोवती फिरते, खालची दोरी ओढली की पिशवीसारखे मिटते, आणि थवाच्या थवा आत. कुणी पाण्यावर प्रखर एलईडी दिवे पाजळून मासे गोळा करतात. पूर्वी जे हातांच्या अशक्तपणाने साधत होते ते आता मनाच्या बळाने साधावे लागणार आहे. आपल्या पिढीपुढचा नवा धडा तो हा, आणि कोणत्याही क्रमिक पुस्तकात तो अजून नीटसा छापलेला नाही.

कायदे नाहीत असे मात्र नव्हे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. पर्ससीनवर २०१६ साली निर्बंध आले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला २०१७ साली केंद्र सरकारने मनाई केली, आणि २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. म्हणजे तळहाताएवढा राज्यमासा कढईत पडू नये अशी आता सरकारचीही इच्छा आहे. जमिनीवर पाहावे तर २००९ सालच्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरांपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई केली आहे. ६० मीटर म्हणजे सुमारे २०० फूट. वर लिहिलेला ७००-८०० फुटांचा आकडा वाचकांनी यापुढे ठेवून पाहावा. कायदा कागदावर आहे आणि बोअरची गाडी शिवारात आहे. हजार बांधांवर हजार शिपाई कुठून उभे करणार?

म्हणून प्रश्न पुन्हा माणसापाशी येतो. इतर थांबत नसताना मी का थांबावे? याला दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत.

पहिले उत्तर व्यवहारी माणसाचे : थांबू नये. आपण सोडलेले दुसरा नेतो. मग आपल्या त्यागाने मासा वाचत नाही, फक्त आपले घर उपाशी राहते. पण हे उत्तर जसेच्या तसे कुणालाही वापरता येते. दगड मारणाऱ्या पोराला, लाच घेणाऱ्याला, परीक्षेत नक्कल करणाऱ्याला. 'दुसरा करतोच आहे' हे कारण एकदा मान्य केले की जगात नीती उरतच नाही, फक्त घाई उरते.

दुसरे उत्तर संतवृत्तीच्या माणसाचे : जग काहीही करो, तू थांब. हे उत्तर उदात्त आहे आणि त्यापुढे मान लवते. परंतु त्या तांडेलाला हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस. सकाळच्या गारव्यात हौसेने फटफटीवरून येऊन, ज्याच्या घरी डिझेलची उधारी थकलेली असेल त्याला त्याग शिकवणे, हे कोणत्या नीतीत बसते? शिवाय एकट्याच्या उपवासाने त्याचा आत्मा शुद्ध होईल, समुद्र भरणार नाही. आणि येथे तर समुद्राचाच प्रश्न आहे.

गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली एका लेखात हा पेच मांडला. त्याचे उदाहरण गायरानाचे होते : प्रत्येक गुराखी आणखी एक गाय आणतो, कारण लाभ त्याचा एकट्याचा आणि नुकसान सगळ्यांत वाटलेले, शेवटी गायरान उजाड. यातून सुटका कशी? एक तर वाटणी करून प्रत्येकाची मालकी ठरवा, नाही तर सरकारने दंडुका घ्यावा. विचारी माणसे पुष्कळ दिवस एवढेच दोन रस्ते मानीत होती. पण समुद्राची वाटणी कशी करणार, आणि दंडुका पुरणार कसा?

तिसरा रस्ता दाखवला तो एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारी ही पहिली स्त्री. त्यांनी जगभरची गायराने, पाट आणि मासेमारीची गावे अभ्यासली आणि निवाडा दिला की साधी माणसे एकत्र बसून आपल्याआपण नियम करतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्यांनी सांगितलेली तुर्कस्तानातल्या अलान्या गावची हकीकत फार बोलकी आहे. तेथे चांगल्या जागेसाठी कोळ्यांत मारामाऱ्या होत. मग त्यांनी किनाऱ्यालगतच्या सगळ्या जागांची यादी केली. दर सप्टेंबरला चिठ्ठ्या टाकायच्या, पहिल्या दिवसाची जागा ठरवायची, आणि मग रोज प्रत्येकाने एक जागा पूर्वेला सरकायचे. जानेवारीनंतर उलटे, पश्चिमेला. आज माझी वाईट जागा असेल, पण चांगलीही माझ्या वाट्याला येणारच आहे. कुणी दुसऱ्याची जागा बळकावली तर ओरडायला सरकारी शिपाई नको. त्या दिवशी ज्याचा हक्क तोच ओरडतो.

आपल्याकडेही हे घडले आहे. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटायचे. भूमिहीनालाही त्याचा वाटा. आणि उसाला पाणी नाही. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, हिवरे बाजारने ग्रामसभेत ठरवले की शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडायचा आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. ही माणसे काही आकाशातून उतरलेली नाहीत. त्यांनाही शेजारी होते, भाऊबंदकी होती, निवडणुका होत्या.

या उदाहरणांनी मूळ प्रश्नच बदलतो. 'मी का थांबावे?' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्यातला 'मी' एकटा आहे. 'आपण केव्हा थांबायचे?' असे विचारले की उत्तराची वाट दिसू लागते. मला वाटते, ज्या वस्तूला कुंपण नाही तिच्या बाबतीत माणसाचे पहिले कर्तव्य त्यागाचे नाही, बोलावण्याचे आहे. दहा घरांत जाऊन 'बसू या' म्हणणे, नियम ठरवणे, आणि ठरलेला नियम चुलतभावाने मोडला तरी त्याला तोंडावर सांगणे. उपवासापेक्षा हे कठीण आहे. उपवासात फक्त पोट दुखते. यात शेजाऱ्याशी वाईटपणा येतो.

आणखी एक गोष्ट त्या बैठकीत आधी मान्य व्हावी लागेल. सर्वांनी थांबायचे हे खरे, पण सर्वांनी एकाच वेळी नव्हे. ज्याच्या जाळ्यात थवा मावतो त्याने आधी थांबावे, गळ टाकणाऱ्याने नंतर. ज्याचा दहा एकर ऊस उभा आहे त्याने आधी हात आखडावा, ज्वारीला एक पाणी मागणाऱ्याने नंतर. आणि जो काठावर उभा राहून बघतो, स्वस्तात मिळाले म्हणून तळहाताएवढे पापलेट पिशवीत टाकतो, चहात तीन चमचे साखर घालून उसाला नावे ठेवतो, तो आपण या यादीत नाही असे समजू नये. त्याने विकत घ्यायचे थांबवले तर त्याच्या घरची चूल विझत नाही. म्हणून थांबणे त्याला सर्वांत सोपे आहे.

तरीही एक वाटेकरी असा आहे की तो कोणत्याच बैठकीला येऊ शकत नाही. ज्याचा अजून जन्म व्हायचा आहे, तो. त्याचे मत कोण मांडणार? तत्त्वज्ञांनी यावर मोठे ग्रंथ लिहिले आहेत; पण मला उत्तर सापडते ते आपल्या स्वयंपाकघरात. दिवाळीत घर माणसांनी भरलेले असते. पहिली पंगत बसते, कढईतून एकेक अनारसा निघत असतो, पोरे हात पुढे करीत असतात. आणि घरची बाई, कुणी न सांगता, एका ताटात वाढून ते झाकून बाजूला ठेवते. कुणाचा तरी मुलगा रात्रीच्या गाडीने यायचा असतो. तो आलेला नसतो, त्याने मागितलेले नसते, आणि येईल तेव्हा त्याला भूक असेल की नाही हेही ठाऊक नसते. "मी खाल्ले नाही तर दुसरा खाईल" हा हिशेब त्या झाकलेल्या ताटाला कुणी लावत नाही. लावला तर ते घर राहणार नाही, खानावळ होईल.

यंदाही घरोघर अशी ताटे झाकली जातील. समुद्राचे आणि शिवाराखालच्या पाण्याचे ताट झाकायला मात्र एक हात पुरत नाही. तेथे सगळ्या घराने उठावे लागते.